वर्ध्याचं ऊन आणि आमची बाहेरची शाळा : सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. मागच्या पोस्टवर तुम्ही लिहिलंत की वर्ध्याच्या 45 डिग्रीत चिमुकल्या लेकरांना झाडाखाली बसवणं याला शिक्षण नाही, हौस म्हणतात, आणि मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणं हे पोट भरलेल्या लोकांचं फॅड आहे. तुम्ही तीस वर्षं झेडपीच्या शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही, आणि बोलणं लागलं हेही खरं.

आधी उन्हाचं बोलते, कारण तिथे तुमची काळजी रास्तच आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझी चूक झाली होती. मोहफुलं वेचता वेचता साडेदहा कधी वाजले कळलंच नाही, घरी येईस्तोवर लेकीचं तोंड लालबुंद, मग दोनदा उलटी, दिवसभर चमच्या चमच्याने ओआरएस पाजत बसले आणि रात्री दर तासाला उठून तिचं अंग चाचपत होते. ती साडेचार वर्षांची आहे हो, त्या रात्रीचं मी विसरणार नाही. तेव्हापासून नियम पक्का, पहाटे साडेपाचला बाहेर आणि साडेआठला घरात, पोरं कितीही रडली तरी. डोक्याला ओला रुमाल, प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली, आल्यावर पन्हं. आजी खिशात कांदा देतात तो आम्ही घेतो, पण भरवसा पाण्यावर आणि सावलीवर ठेवतो. भर दुपारी मी कुणालाच झाडाखाली बसवत नाही, आधीच्या पोस्टमध्ये हे नीट लिहायला हवं होतं.

आता ते तीन तास. मार्च-एप्रिलमध्ये वावराच्या धुऱ्यावरच्या मोहाला पान नसतं आणि पहाटे खाली फुलांचा सडा पडलेला असतो. पोरं आधी पोटभर खातात, मग टोपल्यात वेचतात, मग पाचपाचचे ढीग घालतात, धाकटी पाचपर्यंत मोजते आणि मोठा, तो सात वर्षांचा आहे, तो ढीग मोजून पाचाचा पाढा म्हणतो. यंदा अर्धा किलो फुलं घरच्या काट्यावर मोजून गच्चीवर वाळवली तर दीडशे ग्रॅमसुद्धा भरली नाहीत. बाकीचं वजन गेलं कुठे यावर दोघं दोन दिवस भांडत होते, धाकटीचं म्हणणं खारीने खाल्लं. मी उत्तर सांगितलं नाही. मग दुपारी घरात त्यांनी माठाला हात लावून पाहिला, कूलरच्या ओल्या वाळ्यासमोर बसले, ओलं फडकं दोरीवर टाकून घड्याळ लावलं, आणि मोठा आपणहून म्हणाला की पाणी उडून गेलं. ‘बाष्पीभवन’ हा शब्द मी त्यानंतर दिला आणि त्याने तो कोळशाने अंगणात लिहिला, चुकीचा लिहिला, पुसून परत लिहिला. लिहिणं-वाचणं मागे पडेल म्हणालात म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

फॅडचं म्हणाल तर माझं काम घरून चालतं, घरात आजी आहेत, ही सोय सगळ्यांकडे नसते हे मला मान्य आहे, आणि शाळा सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. पण बाहेर बसून शिकणं ही श्रीमंतांची चैन हे नाही पटत. 1937 ला आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी हाताच्या कामातून शिकवायची नई तालीम मांडली, तीही खेड्यातल्या गरीब पोरांसाठीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 ला डहाणूजवळच्या बोर्डीत आदिवासी वस्तीत बालवाडीचं काम धरलं, अंगणात भरणारी ती अंगणवाडी, आणि गुरं राखणारी पोरं शाळेत येऊ शकत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. मी काही त्यांची बरोबरी सांगत नाहीये, पण वाट त्यांनी पाडलेली आहे. पुढच्या परीक्षांसाठी एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा, आहे, चौदा पूर्ण झाल्यावर तिथून दहावी देता येते, ते आम्ही आधीच बघून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र खास तुमच्यासाठी, गणिताचे सर म्हणून. अंगणात आम्ही एक काठी उभी रोवलीय. दर रविवारी दुपारी बारा-सव्वाबाराला दोन मिनिटं बाहेर जायचं, सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा आणि पळत आत यायचं. खडे काठीच्या जवळ जवळ येत गेले आणि 24 मेला सावली गायबच, सूर्य बरोब्बर डोक्यावर. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागायच्या आदल्या दिवशी! आजी म्हणाल्या रोहिणीचा सूर्य तो, आणि पोरांना पटलं की एवढं का तापतंय. खरं तर तापायला कोरडं आभाळ आणि तापलेली जमीनही लागते, ते मी नंतर सांगितलं. पण जूनच्या पहिल्या रविवारी मोठा खडा ठेवायला गेला आणि तिथूनच ओरडला, आई, सावली दुसऱ्या बाजूला गेली! आजवर उत्तरेला पडायची ती आता दक्षिणेला. पृथ्वी कललेली आहे, सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेकडे गेलाय, हे मी लिंबू आणि टॉर्च घेऊन दाखवलं पण त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की अजून पोचलेलं नाही. जुलैत सूर्य परत डोक्यावर येईल तेव्हा आभाळ भरलेलं असणार, काही दिसणार नाही, म्हणजे हातात आहेत ते पाऊस लागायच्या आधीचे थोडे दिवस. सात वर्षांच्या मुलाला तुम्ही हे कसं सांगितलं असतं सर? लिहा, नाहीतर एखाद्या सकाळी साडेपाचला याच, चहा मी ठेवते.