सातवी नापास

माझा लॅपटॉप नापास झाला. चांगला धडधाकट लॅपटॉप, आठ जीबी रॅम, पदरचे पैसे घालून टाकलेली २५६ जीबीची एसएसडी, बॅटरी नवीकोरी, आणि तरी नापास. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून स्क्रीनवर सारखी पाटी यायची की बाबा रे ११ वर ये, म्हणून मी पीसी हेल्थ चेक नावाचं मायक्रोसॉफ्टचंच अ‍ॅप उतरवून घेतलं आणि बटण दाबलं, तर दोन लाल फुल्या. रॅम ४ जीबी पाहिजे, माझी दुप्पट. डिस्क ६४ जीबी पाहिजे, माझी चौपट. प्रोसेसरचा वेग १ गिगाहर्ट्झ चालतो म्हणे, माझा अडीच. आणि फुली कशावर, तर टीपीएम २.० म्हणून सुरक्षेचं काहीतरी नाही आणि प्रोसेसर यादीत नाही. वेगवान आहे पण यादीत नाही. म्हणजे आपल्याकडच्या लग्नात पंगतीला बसलेल्या माणसाला पत्रिका मिळाली होती का विचारून उठवावं, तसं.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. (इंदूरच्या प्रत्येक मराठी घराचा एक भाचा पुण्यात आयटीत असतो, नसेल तर शेजाऱ्यांचा उसना मिळतो.) तो म्हणाला, "मामा, किती जुना आहे तो, नवीन घेऊन टाका ना." पन्नास हजार रुपये त्याने असे सांगितले जणू कोपऱ्यावरून पोहे-जिलबी घेऊन यायची आहे. माझा लॅपटॉप चालतोय, मला पंखासुद्धा बदलायचा नाहीये, हे त्याला कळेचना. हल्ली वस्तू बिघडली म्हणून कोणी टाकत नाही, टाका असं वरून सांगितलं जातं म्हणून टाकतात.

शेवटी जेल रोडला गेलो. एका गल्लीतलं छोटंसं दुकान, काउंटरवर विशीतला पोरगा, आणि बाजूच्या स्टुलावर एक काका. आधार कार्डाची रंगीत प्रिंट काढायला आलेले, प्रिंट निघून हातात होती, तरी बसलेले. रिटायर्ड हेडमास्तर, हे त्यांनी मी बसायच्या आत सांगितलं. मराठी आहे कळल्यावर तर स्टूल अर्धा फूट माझ्याकडे सरकलं.

पोरगा हुशार होता. त्याने मशीन बंद करून चालू केलं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंग्जमध्ये शिरला, पीटीटी नावाच्या ओळीवर गेला आणि डिसेबल्डचं इनेबल्ड केलं. तेच टीपीएम. सोय प्रोसेसरच्या आतच होती इतकी वर्षं, झोपलेली, आणि अ‍ॅपचा मोघम शेरा वाचून मला वाटलं होतं की नाहीच. एक फुली हिरवी झाली. काकांनी टाळी वाजवली.

"आता दुसरी," काका म्हणाले.

"वो नहीं होगी अंकल," पोरगा म्हणाला, "आय५-७२००यू है। सेवन्थ जनरेशन। इनको एट्थ चाहिए।"

काकांचा चेहरा एकदम बदलला. "सातवीतच आहे?"

मी म्हटलं हो, तसंच समजा.

"आणि सातवीत नापास केलं?"

"हो ना."

"कोणी केलं?"

"कंपनीने."

काकांनी आधार कार्ड खिशात ठेवलं, म्हणजे आता मामला गंभीर. "नाही करता येत," ते म्हणाले. "२००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. आठवीपर्यंत नापास करायचंच नाही."

मी म्हटलं, काका, हा लॅपटॉप आहे.

"ते दिसतंय हो मला. २०१९ ला दुरुस्ती झाली, ती पण सांगतो. पाचवी आणि आठवीत नापास करायची परवानगी दिली. आपल्या एमपीने तर दोन्हीला बोर्डाचे पेपर सुरू केले. पण सातवी? सातवीला कोणी हात नाही लावला. तुमच्या कंपनीचं सगळं बेकायदेशीर चाललंय. त्याला आठवीत बसवा, मग काय नापास करायचं ते करा म्हणावं!"

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार, मला तर बरंच पटून राहिलं होतं.

"बरं, सातवीतले सगळेच नापास?" काकांनी विचारलं.

इथे पोरग्याने तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला की नाही अंकल, सातव्यातले मोजके घेतलेत, त्यातली आय७-७८२०एचक्यू ही चिप तर कंपनी स्वतःच्या एका महागड्या कॉम्प्युटरमध्ये घालून विकत होती, ती नंतर यादीत आली.

"म्हणजे संस्थाचालकाचा मुलगा पास," काका म्हणाले, आणि बराच वेळ नुसती मान हलवत बसले. मला वाटतं एवढ्या नोकरीत हे त्यांनी अनेकदा बघितलं असणार.

मग पोरग्याने आवाज खाली आणला. "भिया, रूफस नाम के सॉफ्टवेअर से पेनड्राइव्ह बना के ग्यारह डाल देता हूं, चेकिंग ही नहीं होगी।" होतं तसं, माहीत आहे मला. पण कंपनीने लिहूनच ठेवलंय की यादीबाहेरच्या मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही. म्हणजे मागच्या दाराने आत जा, आणि मग कधी बाहेर काढतील याची वाट बघत बसा. काकांनीही नकार दिला. कॉपी करून पास होणं त्यांना मान्य नव्हतं.

मी म्हटलं, १० वरच राहिलं तर अपडेट बंद, मग चोर आत शिरतील. "त्यात ठेवलंय काय एवढं?" काकांनी विचारलं.

"फोटो. आणि सोसायटीचा हिशेब."

"सोसायटीचा हिशेब सोसायटीवाले बघत नाहीत, चोर कशाला बघेल?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेली कित्येक वर्षं मी तो हिशेब ठेवतोय, वार्षिक सभेत लोक समोसा संपला की उठतात.

मी विंडोज १० वरच राहिलो. सेटिंग्जमध्ये एक्स्टेंडेड अपडेटला नाव नोंदवलंय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट येत राहतील. पुढे लिनक्स टाका म्हणून भाच्याने सांगितलंय, आणि बायको म्हणते कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, आपलं शहर उगाच नंबर एक नाही. चालू लॅपटॉप ई-कचरा कसा हे मी तिला विचारलं, तर म्हणाली अ‍ॅपला विचार.

दुकानातून निघताना काकांनी माझा नंबर घेतला. तेव्हापासून रोज सकाळी सुप्रभात येतं, आणि काल शिक्षण हक्क कायद्याची अख्खी पीडीएफ आली, कलम १६ ला पिवळा रंग मारून, खाली लिहिलेलं, "कंपनीला पाठवा." त्याच लॅपटॉपवर उघडली. झटकन उघडली.