आमच्या तर्रीवर आलेलं बालंट

रविवारी सकाळी साडेसातला बेल वाजली. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरचे काकाजी, हातात संत्र्याची पेटी. मला वाटलं वा, शेतातला माल आला वाटते, मी तर हातसुद्धा पुढं केले. तेवढ्यात पेटीतून 'कूं' असा आवाज आला.

"चार झाले," काकाजी म्हणाले. "दोन आमचे, दोन तुह्या वाट्याचे."

तर्री आमचा कुत्रा. रंगावरून नाव पडलं. काकाजींची स्वीटी पांढरीफटक, आणि पेटीतल्या एका पिल्लाच्या पाठीवर तवंगासारखा लाल पट्टा होता, हे मान्य. पण त्रिमूर्तीनगरात लाल कुत्रे काय कमी आहेत? आमच्या फ्लॅट स्कीमच्या गेटवरच तीन पडून असतात.

मी शांतपणे सांगितलं, काकाजी, तर्रीचं ऑपरेशन झालंय.

"कायचं?"

"नसबंदीचं."

काकाजी दोन मिनिटं तर्रीकडं असे पाहत राहिले जसं घरात कोणी गेलंय. "खच्ची केलं? बैलासारखं? अन् तो काही बोलला नाही?"

मी आत जाऊन बिल आणलं. 24 नोव्हेंबर, डॉक्टरचा शिक्का, सही. काकाजींनी ते चष्मा वर करून वाचलं, मागून वाचलं, उजेडात धरलं. "कागद काय, कागद तर मीबी बनवून आणतो. कान कुठं कापला आहे याचा?"

आता हा माणूस अर्धवट बरोबर होता, हाच त्रास. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी करतात तेव्हा कानाला खाच देतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडून नेऊ नये, आणि मग लस टोचून होतं तिथंच परत आणून सोडतात. घरच्या कुत्र्याचा कान कशाला कापतील? हे मी जिन्यात उभं राहून समजावत होतो आणि तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दुधाची पिशवी घेऊन थांबल्या, तिसऱ्यावरचा पोट्टा जॉगिंग सोडून थांबला. तर्री मध्येच येऊन पेटी हुंगून शेपटी हलवायला लागला.

"पाय! वळखलं!" काकाजी ओरडले. "बाप वळखते!"

वहिनी हसल्या. मला ते अजून लागतंय.

मग काकाजींनी कोर्ट काढलं. "2022 मधी आपल्या नागपूरच्या हायकोर्टानंच सांगतलं ना, कुत्र्याचा लय पुळका असन तर घरी न्या म्हणून." अहो ते गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांबद्दल होतं, आणि पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं त्याला स्टेही दिला होता. मीही पेटलो. म्हटलं, 2023 च्या नियमात पाळीव जनावराची नसबंदी मालकाची जबाबदारी आहे, तुम्ही स्वीटीचं का नाही केलं?

"एक खेप तरी झाली पायजे तिची. मादीच्या तब्येतीले बरं असते."

हे कोण पसरवतं देव जाणे. डॉक्टर लोक ओरडून सांगतात की मादीला एकदा तरी पिल्लं व्हावीत असं काही नसतं, उलट वेळेत ऑपरेशन केलं तर गर्भाशयात पू होण्याची भानगडच राहत नाही. पण नाही. आधी हौस, मग पेटी घेऊन दारोदार, आणि कोणीच घेतलं नाही तर रात्री गाडीवर बसवून दुसऱ्याच्या वस्तीत सोडून यायचं, आणि वर तेच लोक म्हणणार की कुत्रे किती वाढले हो शहरात. मी हे सगळं बोललो. म्हणजे मनात बोललो. तोंडानं एवढंच म्हटलं की महिन्याची पिल्लं आईपासून तोडू नये, आठ आठवडे तरी जवळ ठेवायला पाहिजे.

"महिन्याचे नाही, मोजून सांगतो, नऊ फेब्रुवारीचे आहेत. रातभर जागलो मी," काकाजी म्हणाले. "अन् दूध प्यायले आणत जा ना खाली, कोण नाही म्हणते?" पेटी ठेवली आणि गेले.

दुपारी मी पडल्या पडल्या उगाच बोटं मोजली. कुत्रीचे दिवस 63 च्या आसपास. नऊ फेब्रुवारीतून 63 मागं गेलं की आठ डिसेंबर येते. म्हणजे ऑपरेशनला दोन आठवडे. तर्रीच्या गळ्यातलं ते प्लास्टिकचं भोंगं आम्ही सात तारखेला काढलं होतं, आणि पोरगा बिचारा दोन आठवडे कोंडून होता म्हणून दुसऱ्या दिवशी खाली मोकळा सोडला होता. डॉक्टर बजावून म्हणाले होते, ऑपरेशन झालं तरी महिनाभर मादीपासून लांब ठेवा, आधीचा साठा असतो.

मी बिल कपाटात सगळ्यात खाली ठेवलं.

काकाजींना अजून उलटं मोजायचं सुचलेलं नाही. मी दिवसातून चारदा पेटी घेऊन दोन जिने उतरतो, स्वीटी माझ्यावर गुरगुरते, काकाजी पेपरातून मान वर न करता "आले का नातवंडं" विचारतात. बायको म्हणते तुम्ही एवढे गरीब कधीपासून झाले. मी म्हणतो, माणुसकी आहे.