म्हातारपण हे दुसरे बालपण नव्हे

घराघरांतील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर वारंवार फिरतो, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. त्याचा आशय असा: म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, आईवडील आता तुमची मुले झाली आहेत, ते विसरतात, हट्ट करतात, त्यांना व्यवहार कळत नाही, तेव्हा त्यांना लहान मुलांसारखे सांभाळा, कारण कधीकाळी त्यांनी तुमचे बोट धरले होते. वर शोभेला 'लहानपण देगा देवा' ही ओळ जोडलेली असते. यातली माया मला मान्य आहे. उपमा मात्र चुकीची आहे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर ती जिवावर बेतू शकते.

आधी त्या ओळीचे उरकून घेतो. तुकोबांच्या अभंगात लहानपण म्हणजे बालवय नव्हे, नम्रता. पुढच्याच शब्दांत मुंगीला साखरेचा रवा मिळतो आणि ऐरावताला अंकुशाचा मार बसतो. तिथली मुंगी लहान आहे, वयाने कोवळी नाही.

आता विसरण्याविषयी. वय वाढले की नाव आठवायला वेळ लागतो, नवी गोष्ट ध्यानात राहायला कष्ट पडतात. पण शब्दसंग्रह आणि अनुभवाने कमावलेली समज पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. सोलापूरच्या पूर्व भागात आयुष्यभर विड्या वळलेल्या एखाद्या आजीला शेजारणीच्या सुनेचे नाव पटकन सुचत नसेल, पण तेंदूचे पान हातात घेताच ते पुरेसे भिजले आहे की नाही हे तिला न बघता कळते. मुलाने ते अजून शिकलेलेच नसते. या दोन अवस्थांना एकच नाव देणे म्हणजे रिकामे कपाट आणि किल्ली सापडत नसलेले कपाट सारखेच मानण्यासारखे आहे.

खरा धोका इथून पुढे आहे. स्मृतिभ्रंश हा आजार आहे, वयाचा नेहमीचा टप्पा नव्हे, आणि तो बहुधा महिन्या-वर्षांच्या चालीने वाढतो. परंतु परवापर्यंत नीट बोलणारी व्यक्ती एकदोन दिवसांत असंबद्ध बोलू लागली, रात्री माणसे ओळखेनाशी झाली, तर त्यामागे लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा मीठ कमी होणे, किंवा नव्याने सुरू केलेली एखादी गोळी असू शकते. अशा अवस्थेत वृद्धांना ताप येईलच असे नाही. वेळीच तपासले तर यातील बरेच रुग्ण पूर्ववत होतात. 'आता काय, अप्पा लहान मूल झाले' असे म्हणून घर हसून गप्प बसले, तर नेमके तेच दिवस हातचे जातात. तहानेचेही तसेच. मूल पाण्यासाठी रडून घर डोक्यावर घेते. उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना म्हातारा माणूस पाणी मागतच नाही, आणि 'मागतील तेव्हा देऊ' हा हिशेब त्याच्या बाबतीत फसतो.

काही वेळा जे 'न कळणे' वाटते, ते केवळ ऐकू न येणे असते. यंत्रमागाच्या खडखडाटात तीस-चाळीस वर्षे काढलेल्या कामगाराचे कान आधी बारीक, उंच स्वर गमावतात. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात आणि वाक्य अर्धेच पोचते. त्याच्याशी बोबड्या सुरात किंवा ओरडून बोलून काही साधत नाही. समोर बसून, ओठ दिसतील असे, सावकाश बोलले तर साधते. (दवाखान्यात 'त्यांना नको, मला विचारा' असे सांगणारे चिरंजीव मी इतके पाहिले आहेत, की हा मुद्दा सोडवत नाही.)

हट्टाविषयी थोडक्यात. मुलाला चूल भाजते हे ठाऊक नसते, म्हणून आपण त्याला अडवतो. सत्तरीतल्या माणसाला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच जड काठी, पेलण्याचे बळ आपल्या खांद्यात उरले नाही हे पक्के ठाऊक असते, तरीही गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या, यात्रेत गर्दीत उभे राहून तोल कुठे जातो आहे ते त्याला बघायचे असते. हा त्याने धोका जाणून घेतलेला निर्णय आहे, आणि तो आपल्याला पटला नाही एवढ्याने त्याचा हट्ट होत नाही.

व्यवहाराचा मुद्दा सर्वांत सोयीस्कर आहे, आणि कोणाच्या सोयीचा हे सांगायला नको. कायद्याने करार करण्याची पात्रता अठराव्या वर्षी येते. ती अमुक वयाला संपते असे कुठेही म्हटलेले नाही. अज्ञानाला, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीला, पालक असतो, म्हाताऱ्याला केवळ वयामुळे नसतो. उलट 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार साठी ओलांडलेली व्यक्ती निर्वाहासाठी स्वतः न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते, आणि सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने ती अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द करवून घेऊ शकते. या कायद्याने ज्येष्ठाला दावा करणारा मानले आहे. बँकेचे पासबुक, पेन्शनचे पैसे आणि घराची कागदपत्रे 'तुम्हाला कशाला त्रास' म्हणून काढून घेणे हे संगोपन नव्हे.

राहिले बोट. सोलापूरच्या मधला मारुती भागातल्या गर्दीतून वडिलांना नेताना मीही पूर्वी त्यांचे मनगट धरून ओढत असे, आणि ते दर चार पावलांवर अडखळत. हल्ली मी कोपर पुढे करतो आणि ते धरतात. कधी थांबायचे, रिक्षा जाऊ द्यायची की आधी पलीकडे जायचे, ते ठरवतात. परवा त्यांनी मध्येच हात सोडला, कारण त्यांना पानवाल्याशी बोलायचे होते.