‘अकुशल’ हा शब्द कोणी खोडला, ते यादीत नाही

आज सकाळी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक चित्र आले. निळी पार्श्वभूमी, कोपऱ्यांत फुलांची नक्षी आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘समाजशास्त्र विभाग : प्राध्यापकांची अलीकडील कामगिरी’. खाली अनुक्रमांक घालून शोधनिबंध, त्यांपैकी स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतले किती, परदेशातील परिषदा, मंजूर झालेला एक प्रकल्प, परदेशी प्रकाशकाकडून आलेले एक पुस्तक आणि सर्वोत्कृष्ट सादरीकरणाचे पुरस्कार. पाहता पाहता गटात अंगठ्यांचा आणि पुष्पगुच्छांचा ढीग पडला. एक पुष्पगुच्छ मीही टाकला. मग भाजी चिरताना जी चिडचिड सुरू झाली, ती रात्रीचे साडेदहा वाजले तरी गेलेली नाही, म्हणून हे लिहीत आहे.

त्या यादीत आम्हाला त्याच विभागात शिकवणाऱ्या मॅडम कुठेही बसल्या नसत्या. त्या आता निवृत्त आहेत, त्यामुळे ‘अलीकडील’ यादीत त्यांचे नाव नसणे रीतसरच आहे. पण त्या नोकरीत असतानाही अशा याद्या निघत आणि तेव्हाही त्यांच्या नावापुढे दाखवण्याजोगे फारसे काही नसे.

२००३ साली आम्ही एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत काचपत्रा वेचणाऱ्या बायकांची पाहणी आम्ही आठ जणांनी केली आणि चाळीस पानांचा अहवाल तयार केला. तो जमा केला असता तर गुण मिळून आम्ही मोकळे झालो असतो. मॅडम म्हणाल्या, ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांना आधी वाचून दाखवा. रविवारी दुपारी, देवळासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी वाचायला बसले. ‘बहुसंख्य स्त्रिया अकुशल कामगार आहेत’ या वाक्याशी एका वयस्कर मावशींनी मला थांबवले. “अकुशल म्हंजी?” मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, ज्या कामाला विशेष कौशल्य लागत नाही ते. मावशी काही बोलल्या नाहीत. शेजारच्या पोत्यात हात घालून त्यांनी प्लास्टिकचे दोन वेगळ्या जातींचे तुकडे काढले, कानाशी नेऊन एकेक चुरगाळला आणि माझ्या हातात दिला. “सांग, फुगा कुठला आन् कडक कुठला?” मला सांगता आले नाही. आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही. मॅडमनी माझ्या हातातून अहवाल घेतला, पर्समधून पेन काढले आणि सगळ्या बायकांच्या देखत तो शब्द खोडला. नुसता तिथेच नव्हे, एकूण सात ठिकाणी आला होता, तिथे तिथे शोधून खोडला.

आता ही कामगिरी कोणत्या रकान्यात भरायची, ते मला कोणीतरी सांगावे.

मी स्वतः गेली काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते आहे, त्यामुळे रकाने म्हणजे काय ते मला माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली गुणांक पद्धत आणली आणि प्राध्यापकाच्या आयुष्याचा हिशेब गुणांत होऊ लागला. अमुक निबंधाला इतके गुण, तमुक परिषदेला इतके. पुढे कोणत्या नियतकालिकांतील लेखन धरायचे याच्या याद्या आल्या. मग त्या याद्यांतच भुरटी नियतकालिके घुसल्याचे लक्षात येऊन २०१८ मध्ये चार हजारांहून अधिक नावे एका झटक्यात काढावी लागली. त्यानंतर मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, जिच्या तपासणीचे काम आपल्याच पुण्यातल्या विद्यापीठात चालत असे, आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही गुंडाळली. म्हणजे ज्या मापाने माणसांच्या बढत्या ठरल्या किंवा अडल्या, ते माप तीनदा बदलले. मॅडम ‘प्रोफेसर’ न होताच निवृत्त झाल्या. त्यांच्या बढतीच्या वेळी विभागातल्या एका वरिष्ठांनी म्हटले होते, “बाई कामसू आहेत, पण कागदावर काही दिसत नाही.” अहो, त्यांनी कागदावरच तर पेन चालवले होते!

शोधनिबंध लिहावे लागतात, ते उत्तम नियतकालिकांत यावे लागतात आणि त्याला वर्षानुवर्षे घाम गाळावा लागतो, हे मान्य आहे. पुढे चला.

या शहरात समाजशास्त्र म्हणजे केवळ निबंधांची मोजदाद कधीच नव्हती. इरावती कर्वे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ जगभर वाचला गेला, पण त्याच इरावतीबाई कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणी करण्यासाठी गावोगाव गेल्या आणि त्याच बाईंनी मराठीत असे लिहिले की ते आमच्या आज्जीनेही वाचले. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे २०१३ साली अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेल्या. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना समाजशास्त्राच्या वर्गात अभ्याससाहित्य म्हणून मानाची जागा मिळाली, त्यात त्यांचा किती मोठा वाटा आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि त्याच काचपत्रा वेचणाऱ्या बायका! १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागातल्या प्राध्यापिकांनी वस्त्यांवर केलेल्या कामातून. सोबत कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव होते. पुढे त्या बायकांना महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा घेऊ लागली. आज सकाळी तुमच्या दारातून ओला-सुका वेगळा नेला असेल, तर तीसुद्धा विद्यापीठातल्या शिक्षकांची कामगिरी आहे. निळ्या पार्श्वभूमीवर नसली तरी.

इथवर लिहून झाले आणि अहवालातला तो शब्द सात ठिकाणी होता की आठ, याची खात्री करावी म्हणून मी मॅडमना फोन लावला. इतक्या रात्री लावायला नको होता, पण त्या जाग्याच होत्या. मी यादीचा विषय काढला आणि बरीच तणतणले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, “अगं, त्या यादीतले निबंध तू वाचलेस का?”

वाचले नव्हते.

“तिसऱ्या क्रमांकाचा वाच. तुमच्या नंतरच्या तुकडीतल्या मुलीचा आहे. चांगला लिहिला आहे तिने.”

म्हणजे यादी मॅडमपर्यंतही पोहोचली होती आणि त्यांनी ती माझ्यासारखी नुसती पुष्पगुच्छ टाकून सोडली नव्हती. फोन ठेवून मी तो निबंध उघडला. पुण्यात घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलांविषयी आहे. हॉटेलच्या दारात ऑर्डरची वाट पाहण्यात जो वेळ जातो, त्याचे पैसे कोणीच देत नाही, यावर तिने दोन पाने खर्च केली आहेत आणि ती दोन पाने वाचताना मला माझे सकाळचे रागावणे थोडे उथळ वाटले, हे कबूल करते. तिने त्या मुलांबरोबर दुपारच्या दुपारी पायऱ्यांवर बसून काढल्या आहेत, हे न सांगताही कळते. तिच्या कामाचा राग मला नव्हताच. तिचे एवढे उत्तम काम ‘शोधनिबंध : १’ असे दोन शब्दांत आटोपणाऱ्या त्या चित्राचा होता, आणि तो अजूनही आहे. निबंधात त्या मुलांना कुठेही अकुशल म्हटलेले नाही, हेही मी शोधून पाहिले.

मात्र तो इंग्रजीत आहे आणि पैसे भरल्याशिवाय पूर्ण उघडत नाही. मला एका मित्राच्या कृपेने मिळाला. ज्या मुलांविषयी तो लिहिला आहे, त्यांना तो कोणी वाचून दाखवणार आहे का, हे मी तिला उद्या विचारणार आहे, आणि ती हो म्हणाली तर मराठी करून द्यायला मी तयार आहे. माझ्या तासिकांचे मानधन तसेही दोन महिने आलेले नाही, तेव्हा फुकट काम करण्याची सवय आहेच.

मॅडमना मी शेवटी अहवालाचे विचारले. विभागातली प्रत कपाटे हलवताना रद्दीत गेली, त्यांच्याकडे एक आहे, पेनाने खोडलेली तीच. “माळ्यावर ट्रंकेत असेल. मला आता चढवत नाही. रविवारी ये, आणि येताना तुझ्या उंच नवऱ्यालाही आण,” म्हणाल्या.

शब्द सात ठिकाणी होता. त्यांना आठवत होते.

कोथरूड-कर्वेनगर भागात कोणाकडे बरा स्कॅनर असेल तर कळवा. पाने जुनी आहेत, दुकानात द्यायची नाहीत.