तलावपाळीवरची झुकझुक

शनिवारी बंड्या माथेरानहून थेट ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर आला. बुटांना लाल माती तशीच. टेकायच्या आधीच सुरू, "मिनीट्रेन बाजारातच का थांबवतात? शार्लोट तलावापर्यंत रूळ न्या, पुढे खरं वाफेचं इंजिन लावा. बघा पब्लिक कशी लोटते!"

"पायथ्याला, नेरळला तिकीट मिळालं का तुला?" आप्पांनी कटिंगचा ग्लास कठड्यावर ठेवला.

बंड्या गप्प. टॅक्सीने गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत गेला होता, तिथून पुढे अमन लॉज स्टेशनवरून मिनीट्रेनची शटल.

१८५३ला पहिली गाडी ठाण्यात आल्यापासून रेल्वेवर बोलायचा हक्क आम्हाला जन्मजात आहे. त्यात सुन्या म्हणजे अस्सल रेल्वेवेडा.

"दोन फुटी गेज, म्हणजे दोन रुळांत दोनच फूट अंतर, चढ काही ठिकाणी वीसला एक. वीस फूट पुढे गेलास की एक फूट वर! अब्दुल हुसेन पीरभॉयनी १९०७ साली ही लाईन सुरू केली तेव्हा जर्मन इंजिनं आणली होती. वळण एवढं आवळ की चाकं आडवी थोडी सरकतील अशी सोय केलेली."

"मग तशीच आणा ना परत."

"आणि कोळसा? पाणी? उन्हाळ्यात सुक्या पाचोळ्यावर ठिणगी पडली तर? २००३ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे माथेरान. मोटार चढू देत नाहीत, तुझ्या रुळांसाठी झाडं पाडतील?"

"आहे तेवढी लाईन तरी धड राहते का?" आप्पा म्हणाले. "२००५च्या पावसाने धुतली. २०१६ला डबे घसरले म्हणून बंद. २०१९ला पुन्हा पावसाने वाट लावली, पूर्ण सुरू व्हायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला. पावसाळ्यात नेरळहून वर गाडी नसतेच."

मला आप्पांचं पटलं, पण अर्धंच. पाऊस कोणाच्या हातात नाही, फेऱ्या आहेत. रूळ वाढवून, तिथे प्रवासी नेणाऱ्या घोडेवाल्यांशी भांडण ओढवून घेण्यापेक्षा हिवाळ्यात नेरळहून दोन गाड्या जास्त सोडा. आज गाडी भरली की माणूस टॅक्सीत बसतो, नेरळच्या बाजारात चहासुद्धा घेत नाही. गाडीची वाट बघणारा निदान वडापाव तरी खाईल.

"म्हणजे वाफ नाहीच?" बंड्याचा चेहरा उतरला. त्याने पिशवीतून चिक्कीचं पाकीट काढलं. चुरा झालेला. तरी सुन्याने मूठ भरून घेतली.

"पुढच्या शनिवारी रांगेत लवकर उभे राहू. पहाटेची कर्जत लोकल पकडायची," बंड्या म्हणाला.

"तू उठणार?" आप्पा म्हणाले, आणि बंड्याकडे बघून सगळेच हसलो.