‘गेममधली बंदूक करायची? मग इंजिनिअरचं सीएडीच शिका’: या सल्ल्यात किती दम आहे

गेमसाठी शस्त्रांची मॉडेल्स करू लागलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला हा सल्ला येतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं: ब्लेंडर-मायासारखी कलाकारांची थ्रीडी सॉफ्टवेअर विसरा, इंजिनिअर लोक वापरतात ते सॉलिडवर्क्स किंवा फ्यूजन घ्या, म्हणजे सीएडी (संगणकावर मापात आराखडा करायचं सॉफ्टवेअर). त्यात अचूकता मिळते, टोपॉलॉजीची (मॉडेलवरच्या जाळीच्या रेषा नीट मांडण्याची) कटकट नसते, एक माप बदललं की बाकीचं आपोआप बदलतं आणि एक्सपोर्ट केलं की मॉडेल गेममध्ये टाकायला तयार. मी स्वतः हार्ड-सरफेस (यंत्रांसारख्या कडक वस्तूंच्या) कामाला सीएडी वापरतो, त्यामुळे मला त्याचं वावडं नाही. पण या सल्ल्यावर विसंबून महिनेच्या महिने वाया घालवणारे बघितलेत, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य शेवटचं, म्हणून सुरुवात तिथूनच. ‘एक्सपोर्ट केलं की तयार.’

सीएडीमधला पृष्ठभाग गणिती असतो, गेम इंजिनला मात्र त्रिकोण लागतात. एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअर वक्रांचे सरळ तुकडे पाडतं आणि ते किती बारीक पाडायचे हे तुम्ही आकड्यात सांगता. समजा 20 मिमी व्यासाची नळी आहे. मूळ वक्रापासून 0.01 मिमीहून जास्त फरक नको म्हणालात, तर तिच्या परिघाला साधारण 70 बाजू पडतात. त्याच फाइलमधल्या 4 मिमीच्या पिनेला 32 च्या आसपास. खेळाडूला ती पिन ठिपक्याएवढी दिसणार, तिला 8 बाजू पुरल्या असत्या. बरं, अंतराऐवजी कोनाची मर्यादा 10 अंश ठेवली, तर नळीला 36 आणि पिनेलाही 36! फर्स्ट-पर्सन गेममध्ये नेम धरायची मागची साइट डोळ्याला चिकटलेली असते आणि नळीचं तोंड लांब असतं. त्यामुळे बाजू कुठे खर्च करायच्या आणि कुठे वाचवायच्या, हे एक्सपोर्टच्या खिडकीतल्या एका आकड्याने ठरत नाही. ते हातानेच करावं लागतं. शिवाय भोकांभोवती लांबट, सुईसारखे त्रिकोण तयार होतात, ते शेडिंगची (पृष्ठभागावर उजेड-सावली दिसण्याची) वाट लावतात ते वेगळंच.

‘टोपॉलॉजीची कटकट नसते’ हे मात्र अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं फार मोलाचं आहे. मॉडेल दोन करायची असतात: बारकाव्यांचं दाट हाय-पॉली आणि गेमसाठीचं हलकं लो-पॉली. हाय-पॉली गेममध्ये जातच नाही. त्यावरून नॉर्मल मॅप बेक करायचा, म्हणजे त्याचे बारकावे लो-पॉलीवर चढवायच्या चित्रात उतरवायचे, आणि ते बाजूला ठेवायचं. त्यामुळे त्याची जाळी कशी का असेना, कोणी विचारत नाही. गोल रिसीव्हरमध्ये (बंदुकीच्या मधल्या मुख्य भागात) तिरकी खाच पाडायची असेल तर सबडिव्हिजनमध्ये (जाळी आपोआप गुळगुळीत करायच्या पद्धतीत) आधाराच्या कडा बसवण्यात दुपार जाते. सीएडीत एक बूलियन (एका आकारातून दुसरा कापणं), एक फिलेट (कड गोल करणं), झालं. इथे सीएडी जिंकतं, वादच नाही. पण लो-पॉलीची कटकट जागच्या जागी राहते. माझी सवय अशी: फिलेट लावण्याआधी फाइलची एक प्रत काढून ठेवतो. फिलेट लावलेली प्रत दाट मेश (जाळी) करून झेडब्रश या शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाते, तिथे डायनामेशने जाळी एकसारखी करायची आणि थोडं पॉलिश. फिलेट नसलेली प्रत ब्लेंडरमध्ये साफ होऊन लो-पॉली होते. म्हणजे ज्याला विसरायला सांगितलं होतं, त्याच ब्लेंडरमध्ये निम्मं काम.

आता ‘अचूकता’. फोटो बघून मॉडेल करताना अचूकता संदर्भातून येते, सॉफ्टवेअरमधून नाही. फोटोत पिकॅटिनी रेल (बंदुकीवरची दुर्बीण वगैरे बसवायची खाचांची पट्टी) दिसत असेल तर तिच्या खाचा 10.01 मिमी अंतरावर असतात, ती आयती पट्टीच. मॅगझिनची खोली पडताळायची तर 5.56 × 45 या रायफलीच्या काडतुसाची पूर्ण गोळी 57.4 मिमी लांब असते. ही दोन मापं ठाऊक असली की ब्लेंडरमध्येही बंदूक प्रमाणात बसते.

आणि बसलेली अचूकता पुढे मुद्दाम मोडावी लागते, हे तर कोणी सांगतच नाही. एकदा मी हौसेने सगळ्या कडांना खऱ्यासारखी 0.2 मिमीची फिलेट दिली. बेक झाल्यावर कडा मेल्यासारख्या, उजेड पकडेचनात. हिशेब सोपा होता, आधी केला नव्हता इतकंच. 900 मिमीची रायफल 4096 पिक्सेलच्या टेक्स्चरवर आडवी पसरली तर मिलिमीटरला साडेचार पिक्सेल येतात, म्हणजे माझ्या फिलेटला जेमतेम एक. 2048 वर अर्धाही नाही. बंदुकीच्या दोन्ही बाजू टेक्स्चरवर एकावर एक ठेवून, तुकडे नीट मांडून थोडी जागा वाढवता येते, तरी कड दिसायला हवी तर फिलेट खऱ्याहून चांगली जाड ठेवावी लागते.

‘माप बदललं की सगळं बदलतं’: हो, स्केचेस (आकाराचे मूळ रेखाटन) शिस्तीत बांधली असतील तर. नाहीतर नळी 2 मिमी जाड केली की मागच्या पाच फिलेट्स लाल होतात, म्हणजे तुटतात. काल्पनिक शस्त्रात तर मापंच ठरलेली नसतात. तिथे हिस्टरी (केलेल्या पायऱ्यांची साखळी) सांभाळत बसण्यापेक्षा थेट ओढून-ढकलून आकार देणारं प्लास्टिसिटी किंवा मोआय जास्त सोयीचं. ही कलाकारांची खेळणी म्हणून कोणी नाक मुरडलं तर एवढंच सांगा: 2023 मध्ये आलेलं प्लास्टिसिटी पॅरासॉलिड या कर्नलवर (आकारांचं गणित करणाऱ्या गाभ्यावर) चालतं, सॉलिडवर्क्सही त्याच्यावरच. आणि मोआय लिहिणाऱ्या मायकल गिब्सननेच पूर्वी रायनो हे मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर घडवलं होतं. मोआयच्या एक्सपोर्टमध्ये एन-गॉन (चारहून जास्त बाजूंचे तुकडे) ठेवता येतात, त्यामुळे साफसफाई निम्म्यावर येते.

लायसन्सचा मुद्दा या सल्ल्यात कधीच नसतो. फ्यूजनची फुकट आवृत्ती वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे आणि एकावेळी 10 च फाइली संपादनाला खुल्या ठेवू देते. ऑनशेप या ब्राउझरमधल्या सीएडीच्या फुकट खात्यातली फाइल कोणालाही बघता येते, म्हणजे गोपनीयतेचा करार असलेलं काम तिथे नेणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. फ्रीकॅड या मोफत सीएडीला यातलं काहीच बंधन नाही, 1.0 आवृत्तीही 2024 मध्ये आली, फक्त फिलेटच्या बाबतीत ते फार लवकर रुसतं.

निवड करायचीच असेल तर चाचणी आवृत्त्या उतरवा आणि सगळ्यांत एकच तुकडा करून बघा: ट्रिगर गार्ड (घोड्याभोवतीची कडी) ग्रिपला मिळतो तो कोपरा. तिथे वेगवेगळ्या त्रिज्येच्या तीन फिलेट्स एकत्र येतात. आधी फिलेट लागते का बघा, मग मेश ब्लेंडरमध्ये आणून चकचकीत मटेरियल लावा आणि त्या कोपऱ्यावरून उजेड फिरवा.