गिरणगावच्या अफूचा फॉरवर्ड परत आलाय

तोच फॉरवर्ड, आता चौथ्या ग्रुपवर. म्हणणं असं की शंभर वर्षांपूर्वी मुंबईचे गिरणी कामगार अडाणी, त्यांना आरोग्याचं काही ऐकायचंच नसायचं, बायका पोरांना अफू द्यायच्या म्हणून हजारातली ६६६ बाळं वर्षाच्या आत जायची, मग मालकांनी त्यांना शहाणं केलं.

आधी ते ६६६. आकडा १९२१ चा आहे, खोटा नाही, पण काढलाय मुंबईत नोंदलेल्या जन्मांवर. कितीतरी बायका बाळंतपणाला कोकणात नाहीतर घाटावर गावी जायच्या, जन्म तिकडेच, आणि पोर घेऊन परत आल्यावर ते दगावलं की मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत, म्हणून आकडा फुगलेला. फुगवटा काढला तरी भयानकच होता म्हणा. पण त्याच आकडेवारीत एका खोलीत राहणाऱ्यांचा दर ८२८ आहे आणि खोल्या वाढतात तसा तो झरझर उतरतो, ते कसं काय गाळलं बुवा?

आता अफू. बाळगोळी म्हणायचे तिला. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स बाईंनी १९२२ च्या रिपोर्टात लिहिलंय की गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या १०० पैकी ९८ बाळांना ती दिली जायची. हे खरंच आहे. पण जरा विचार करा, आई दहा तास गिरणीत रिळावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर, बाळ चाळीत कुणा म्हातारीजवळ किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ, पाजायला यायची सोय नाही, खाडा केला की पगार कापला. बाळ रडणार नाही तर काय करणार, मग ते गप्प झोपावं म्हणून गोळी. त्या बाईला अफू वाईट असते हे सांगून काय उपयोग होता, तिला सुट्टी हवी होती.

आणि ऐकायचंच नसायचं म्हणे! कामगार पुढारी ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग ही समाजसेवेची संस्था काढली, त्यांच्या रात्रशाळा, वाचनालयं, मॅजिक लँटर्नवर चित्रं दाखवत दिलेली व्याख्यानं, दवाखाने, हे सगळं कामगार वस्तीतच चालायचं. दिवसभर उभं राहून आलेला माणूस रात्री परत शाळेत बसतो, त्याला तुम्ही अडाणी म्हणताय.

मालकांचं म्हणाल तर काही गिरण्यांनी दवाखाने, पाळणाघरं काढली, ते मान्य. पण हेच जोशी १९२४ ला दिल्लीच्या असेंब्लीत, म्हणजे तेव्हाच्या केंद्रीय कायदेमंडळात, बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल घेऊन गेले तर ते पडलं. मग मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळात, तसंच बिल आलं, १९२८ ला आंबेडकरांनी तिथे त्याच्या बाजूने भाषण केलं आणि खर्चाच्या जबाबदारीतून मालकाला सुटता येणार नाही असं सांगितलं. विरोधात कोण होतं? गिरणी मालकांची संघटना. कायदा झाला १९२९ मध्ये, दिवसाला आठ आणे, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मिळून काही आठवडे. तेवढेही द्यायला हे शहाणं करणारे तयार नव्हते.